पिकअपची तक्रार आणि अर्ध्या सेकंदाचा हिशेब

‘गाडीत दम आहे हो, पण पाय दिला की लगेच उचलत नाही.’ टर्बो गाडी घेऊन आलेल्या ग्राहकाचे हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. त्यावर जॉब कार्डात ‘टर्बो लॅग’ असे दोन शब्द लिहून मोकळे व्हायची सवय आपल्या धंद्याला लागली आहे. ही सवय मोडायला हवी, कारण या एका नावाखाली आपण निदान चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्यातल्या एक-दोनच टर्बोच्या असतात आणि बिल मात्र बहुतेक वेळा टर्बोच्या नावाने फाटते.

एकच गाडी समोर ठेवून बोलू. पोर्शे ९११ कॅरेरात २०१५ पर्यंत ३.४ लिटरचे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन होते. ३५० पीएस ताकद, ३९० न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो मिळायचा ५६०० आरपीएमला. त्याच वर्षी पोर्शेने ते काढून ३ लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन बसवले. ताकद ३७० पीएस, टॉर्क ४५० न्यूटन मीटर, आणि तो १७०० पासून ५००० आरपीएमपर्यंत सपाट. कागदावर नव्या इंजिनाने जुन्याला सगळीकडे मागे टाकले. तरी दोन्ही गाड्या चालवलेली माणसे सांगतात की जुनीचा पाय अधिक ‘खरा’ होता. ती भावनेच्या भरात बोलत नाहीत. टॉर्कचा आलेख एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि रिस्पॉन्स हा दुसराच प्रश्न आहे.

आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर लावलेला डायनोचा कागदही त्या दुसऱ्या प्रश्नावर गप्प असतो. डायनोवर आपण थ्रॉटल खालच्या आरपीएमपासूनच पूर्ण उघडा ठेवतो आणि इंजिनाला वर चढू देतो. म्हणजे मोजणी चालू असताना टर्बो आधीच फिरत असतो, बूस्ट आधीच भरलेला असतो. पाय जमिनीला लागल्यापासून टॉर्क येईपर्यंतचा काळ त्या आलेखात कुठेच नसतो. ग्राहकाला रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा आलेख दाखवून ‘रिस्पॉन्स सुधारला’ असे सांगणे म्हणूनच चूक आहे. सुधारला असेलही, पण त्या कागदावरून ते सिद्ध होत नाही. तीच गत न्यूट्रलमध्ये रेस देऊन पारख करण्याची. लेक्ससच्या एलएफए गाडीचे व्ही-१० इंजिन आयडलवरून ९००० आरपीएमला ०.६ सेकंदात पोचायचे, काट्याचा टॅकोमीटर त्याच्यामागे धावू शकत नव्हता, म्हणून तिथे डिजिटल पडदा बसवावा लागला. ही करामत क्रँक, पिस्टन आणि फ्लायव्हील हलके असण्याची. टर्बो इंजिनाला तर लोड नसताना बूस्ट लागतच नाही. न्यूट्रलमधल्या गुरगुरण्यावरून टर्बोबद्दल काहीही कळत नाही.

आता मुळाशी जाऊ. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनातही पाय दिल्याबरोबर टॉर्क येत नाही. थ्रॉटलची पाकळी उघडली की आधी इनटेक मॅनिफोल्ड भरावा लागतो. ३००० आरपीएमला चार स्ट्रोकचे एक आवर्तन ४० मिलिसेकंदांचे असते आणि मॅनिफोल्ड भरायला अशी दोन-तीन आवर्तने लागतात. म्हणजे सुमारे एक दशांश सेकंद. ६००० आरपीएमला तोच वेळ निम्मा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी दिली, जशी बीएमडब्ल्यूने ई९२ एम३ च्या व्ही-८ ला दिली होती, तर पाकळी आणि व्हॉल्व्ह यांमधली पोकळी कमी होते आणि हा वेळ आणखी आखडतो. चालकाच्या पायाला एवढा उशीर जाणवत नाही.

टर्बो इंजिनात हा पहिला टप्पा अगदी असाच पार पडतो, आणि ही गोष्ट आपण नेहमी विसरतो. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत ३ लिटरचे टर्बो इंजिन हे ३ लिटरचे साधे इंजिनच असते, जरा कमी कॉम्प्रेशनचे. त्या भागात दोघांचा रिस्पॉन्स जवळपास सारखा. फरक पडतो तो त्याच्या वरच्या टॉर्कला. त्यासाठी टर्बाइनला एक्झॉस्टचा जोर मिळायला हवा, एक्झॉस्ट वाढायला आत हवा जास्त जायला हवी, आणि हवा जास्त जायला टर्बाइन वेगात हवा. हे चक्र स्वतःला ओढत वर चढते, म्हणून वेळ खाते. साधे इंजिन जे देते ते रोख देते. टर्बो निम्म्याहून जास्त रोख मोजतो आणि उरलेले उधार ठेवतो. पायाला खटकते ते हे दोन हप्त्यांत येणे.

इथेच बूस्ट थ्रेशोल्ड आणि लॅग यांची गल्लत होते. ज्या आरपीएमच्या खाली एक्झॉस्टमध्ये पुरेसा जोरच नाही, तिथे कितीही वाट पाहिली तरी पूर्ण बूस्ट येणार नाही. तो थ्रेशोल्ड. त्यावर उपाय म्हणजे गिअर खाली घेणे. थ्रेशोल्डच्या वर असतानाही पाय दिल्यापासून बूस्ट येईपर्यंत जो वेळ जातो, तो लॅग. पाचव्या गिअरमध्ये १४०० आरपीएमवर गाडी ओढत नाही म्हणून आलेल्या ग्राहकाला रिपेअरची गरजच नसेल. त्याच्याशी पाच मिनिटे बोललो तरी काम होईल.

पोर्शेच्याच १९७५ च्या पहिल्या ९११ टर्बोत, ९३० मध्ये, ही दोन्ही दुखणी एकत्र होती. एक मोठा टर्बो आणि ६.५ ला १ इतके खाली आणलेले कॉम्प्रेशन. रोख फारच थोडे आणि उधारी मोठी. वळणाच्या मध्यावर दिलेल्या पायाचे उत्तर वळण संपताना यायचे आणि तेही एकदम, मागच्या चाकांवर. घाबरून पाय उचलला तर वजन पुढे जाऊन मागची बाजू सुटायची. त्या गाडीचा दरारा २६० पीएसपेक्षा या उशिरामुळे जास्त होता.

तिथून आजवरचा प्रवास बहुतांशी जडत्वाशी लढण्याचा आहे. एकाच घडणीच्या चाकाचा व्यास अर्धा केला तर त्याचे जडत्व ३२ पटींनी घटते. म्हणून एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान बसवले की तेवढ्याच हवेसाठी एकूण जडत्व साधारण एक तृतीयांशावर येते. २००६ च्या ९११ टर्बोत फिरत्या पात्यांचा टर्बो आला, त्याने थ्रेशोल्ड खाली आणला. २०१५ च्या कॅरेरात स्पोर्ट मोडमध्ये क्षणभर पाय उचलला तर इंधन बंद होते, पण थ्रॉटल उघडाच राहतो, म्हणजे टर्बोची गती पडत नाही. २०२२ च्या मर्सिडीज-एएमजी एसएल ४३ मध्ये टर्बोच्या शाफ्टवरच विजेची मोटर बसली, जी त्याला १,७०,००० आरपीएमपर्यंत फिरवू शकते. २०२४ मध्ये ९११ जीटीएसनेही तीच वाट धरली. एक्झॉस्टची वाट न पाहता टर्बो फिरवायचा, हे या दुखण्यावरचे आजवरचे सर्वांत थेट औषध आहे.

फेरारीने ४५८ चे साडेचार लिटरचे साधे इंजिन सोडून ४८८ मध्ये टर्बो आणले, तेव्हा रिस्पॉन्सचा आकडा जाहीर केला: तिसऱ्या गिअरमध्ये, २००० आरपीएमला, ०.८ सेकंद. या वाक्यात आकड्याइतकेच गिअर आणि आरपीएम महत्त्वाचे आहेत, कारण त्यांच्याशिवाय रिस्पॉन्सच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. शिवाय ७६० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क फेरारीने फक्त सातव्या गिअरला दिला आणि खालच्या गिअरांत तो मुद्दाम रोखला, म्हणजे आरपीएम चढेल तसा जोर वाढत जाईल, साध्या इंजिनासारखा. टर्बोचा सपाट आलेख चालकाला आवडत नाही, याची ही कबुलीच म्हणायची.

थ्रेशोल्ड आणि लॅग यांनंतरची तिसरी गोष्ट पॅडलची. आजच्या गाडीत पॅडल थ्रॉटलला जोडलेले नसते. ते ईसीयूकडे टॉर्कची मागणी नोंदवते, आणि झटका बसू नये म्हणून ईसीयू ती मागणी मुद्दाम सावकाश पुरी करतो. कम्फर्ट मोडमधली सुस्ती बऱ्याचदा इथली असते. बाजारात विकले जाणारे पॅडल बॉक्स फक्त पॅडलचा सिग्नल फुगवतात. ३० टक्के दाबले की ६० टक्के दाबले असे ईसीयूला सांगतात. त्याने बूस्ट एक मिलिसेकंदही लवकर येत नाही, उलट वळणावर पाय अलगद सोडण्याची बारकाई जाते. स्पोर्ट्स कारवर ते बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि मग चौथी गोष्ट, खरे बिघाड. इंटरकूलरचा चिरलेला पाइप, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटलेला डायफ्राम, पूर्ण बंद न होणारा वेस्टगेट, मळलेला मास एअर फ्लो सेन्सर. यांतले प्रत्येक दुखणे ग्राहकाला ‘लॅग’ म्हणूनच जाणवते. शोभेसाठी बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलेल्या गाडीत सेन्सरने मोजलेली हवा इंजिनात पोचतच नाही, दर गिअरला मिश्रण क्षणभर रिच होते आणि गाडी अडखळते. तिथे टर्बो बदलून काहीच हाती लागणार नाही.

माझा निवाडा विचाराल तर, तडफ हवी असेल तर आजचा चांगला टर्बो साध्या इंजिनाला भारी आहे. मात्र वळणाच्या मध्यावर पाय आणि चाक यांचा हिशेब जुळायला हवा असेल, तर ९००० आरपीएमला जाणाऱ्या ९११ जीटी३ च्या साध्या इंजिनाला अजून तोड नाही. पोर्शेने ते आजवर टिकवले, ते उगीच नव्हे.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. पुढची पिकअपची तक्रार आली की स्कॅनर लावा आणि चार रेषा एकाच वेळी लॉग करा: पॅडलची स्थिती, थ्रॉटलचा कोन, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट. चाचणी रस्त्यावर नको, डायनोवर घ्या. तिसरा गिअर, २००० आरपीएम स्थिर, मग पूर्ण पाय. पॅडल आणि थ्रॉटल यांत अंतर पडले तर दोष मॅपचा. मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट यांत पडले तर आधी गळती आणि वेस्टगेट तपासा. कुठेच जादा अंतर नसेल, तर गाडी जशी घडवली तशी चालते आहे. ग्राहकाला ते सांगा आणि त्याचे पैसे वाचवा. असे लॉग आमच्याकडे पाठवा. मॉडेल, गिअर आणि आरपीएम मात्र सोबत लिहायला विसरू नका.