बॉयलरच्या दाराची दोरी

मांजरसुंब्याची चौफुली म्हणजे धुळे-सोलापूर आणि अहिल्यानगर-अहमदपूर या दोन रस्त्यांची गाठ. अशा रस्त्यावरच्या हॉटेलात, लॉजवर किंवा मंगल कार्यालयात पाणी तापवायला लाकडावरचा बॉयलर असेल, तर त्याच्या भट्टीपाशी राबणारा माणूस बहुधा आपल्यासारख्याच कष्टकरी घरातला असतो. त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे चार शब्द.

भट्टीच्या लोखंडी दाराला आतून खाच असते. त्या खाचेत जाड दोरी बसवलेली असते. तिलाच गॅस्केट म्हणतात. उष्णतेने ती कडक होते, दबते, झडते. मग दाराच्या कडेने काजळी धरते, धूर बाहेर येतो, लाकूड जास्त जळते. धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही येतो. त्याला वास नसतो. खोली बंद असेल तर जीव जातो.

दोरी तपासणे सोपे आहे. भट्टी थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथली पकड गेली. आधी कडी-बिजागरी आवळून पाहा. तरीही पट्टी निघाली तर दोरी बदला.

पण जुनी दोरी काढण्याआधी थांबा! पूर्वी ही दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असे. आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. त्याची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण फुप्फुसात कायमची रुतते. दम लागणे, कॅन्सर असे आजार 20 ते 40 वर्षांनी उघडे पडतात. दोरी कशाची आहे हे माहीत नसेल तर ती अ‍ॅस्बेस्टॉसचीच समजा. ती कोरडी खरवडू नका, ब्रशने झाडू नका, हवा मारू नका. हे काम जाणकार माणसाकडून, दोरी पाण्याने भिजवून आणि योग्य मास्क लावूनच व्हावे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. निघालेली दोरी दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी. घरच्या चुलीसाठी ती नेऊ नये.

नवी दोरी काचतंतूची घ्या. तिची जाडी खाचेप्रमाणे असावी. खाच साफ करून उष्णता सोसणारा सिमेंट लावा. दोरी न ताणता बसवा, कारण ताणली की ती बारीक होते. दोन्ही टोके एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका. दार लावून रात्रभर सुकू द्या. पहिला जाळ मंद ठेवा. वाफेच्या दाबाच्या बाजूचे गॅस्केट मात्र वेगळे. त्याला परवानाधारक माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

माता-भगिनींनो, कामाचे कपडे घरात झटकू नका. नवऱ्याचे असे कपडे धुता धुता बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. कपडे कामावरच बदलावेत आणि वेगळे भिजवावेत.

मालक म्हणेल, "एवढ्याशा दोरीचा काय बाऊ?" त्याला सांगा, जानेवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या तब्येतीची नोंद किमान 40 वर्षे ठेवावी, असा आदेशही दिला. मास्क आणि चांगली दोरी मागणे म्हणजे भीक नव्हे, तो आपला हक्क आहे.