सदरा हेही शेतीचे औजार

तुर्भे येथील मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पहाटेपूर्वीच मालाच्या गाड्या येऊ लागतात. माल निरनिराळ्या हवामानांतून येतो, तशीच मालाबरोबरची माणसेही. निफाडच्या थंडीत रात्री गाडीत बसलेला शेतकरी सकाळी खाडीकाठच्या दमट हवेत उतरतो आणि ऊन चढताच जाड कपड्यांत घामाघूम होतो. कांद्याला हवा लागावी, तो घामेजून सडू नये, म्हणून शेतकरी त्यासाठी विरळ विणीची गोणी निवडतो. हीच दृष्टी स्वतःच्या अंगावरील सदऱ्याविषयी मात्र क्वचितच दिसते. जुना झाला म्हणून शेतावर नेलेला सदरा, किंवा खते-औषधांच्या जाहिरातीचे फुकट मिळालेले बनियन, यांवरच उन्हातान्हाचे काम चालते. हे योग्य नव्हे. नांगर व कोळपे यांप्रमाणेच सदरा हेही शेतीचे औजार आहे आणि त्याची निवड हवामान व काम पाहूनच झाली पाहिजे.

शरीर थंड राखण्याचे मुख्य साधन घाम होय. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. परंतु घाम नुसता गळून पडल्याने हे कार्य होत नाही. त्याची वाफच व्हावी लागते. हवा दमट असली की वाफ मंदावते. म्हणूनच कोकणपट्टीतील ३८ अंशांचे ऊन कित्येकदा कोरड्या मुलखातील त्याहून कडक उन्हापेक्षाही घातक ठरते. तुर्भ्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर समारंभ झाला. तेथे उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. ‘आम्ही उन्हाला सरावलेले आहोत’ असे म्हणून किनारपट्टीवरील कोणीही निश्चिंत राहू नये.

अशा दमट प्रदेशात सदरा पातळ, विरळ विणीचा, सुती व सैल असावा. सुती धागा साधारण हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरीत नाही. खेळाडूंसाठी मुद्दाम विणलेले पॉलिएस्टर घाम पसरवून वाळविते, हे खरे. पण स्वस्तात मिळणारे दाट विणीचे कापड तसे नसते. ते अंगाला चिकटते आणि आतली हवा कोंडते. सुती सदराही भिजून चिंब झाला की वाऱ्याला अटकाव करतो. म्हणून हमाली करणाऱ्याने किंवा भातखाचरात राबणाऱ्याने दुसरा कोरडा सदरा जवळ ठेवावा व दुपारी बदलावा.

विदर्भाची गोष्ट निराळी. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वारा शरीराहून अधिक तापलेला असतो, त्यामुळे उघड्या अंगाला तो गारवा न देता उष्णताच देतो. तेथे अर्ध्या बाह्यांचा सदरा किंवा नुसती बंडी सोयीची वाटली, तरी हितकर नाही. पूर्ण बाह्यांचा, गळा झाकणारा, फिकट रंगाचा सैल सदरा व डोक्यावर मुंडासे किंवा उपरणे हाच तेथील योग्य पोशाख होय. सैलपणाचे महत्त्व वाळवंटी प्रदेशातही सिद्ध झाले आहे. तेथील बेदुईन लोक काळे झगे का वापरतात, याचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. काळ्या झग्याचे कापड अधिक तापत असले, तरी झगा सैल असल्याने ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचत नाही, असे त्यात आढळून आले. सदरा निवडताना रंगाइतकाच त्याचा घेर पाहावा, हा त्याचा बोध आहे.

थंडीत व पावसात मात्र सुती कापडाचा हाच गुण दोष ठरतो. भिजलेला सुती सदरा वाऱ्यात अंगातील ऊब हिरावून घेतो. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. धनगरांच्या घोंगडीचे मोल यातच आहे. निफाडच्या द्राक्षबागेत हिवाळी पहाटे काम करणाऱ्याने एकच जाड कपडा न घालता आत सुती व वर लोकरी असे दोन कपडे घालावेत. ऊन वाढताच वरचा उतरविता येतो.

फवारणीचे काम याहूनही निराळे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले. भिजलेला पातळ सदरा विष अडवीत नाही, उलट ते त्वचेला लावून धरतो. म्हणून पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यावर विष आत न शिरू देणारे आवरण, हातमोजे व मुखपट्टी ही हवीतच. कीटकनाशके नियम १९७१ यांतही संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. असे कपडे अंगात उष्णता कोंडतात, यास्तव फवारणी सकाळच्या गारव्यातच उरकावी. सदरा औषधाने भिजल्यास तो तत्काळ उतरवून अंग साबणाने धुवावे आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

यात एका अन्यायाकडेही लक्ष वेधणे अवश्य आहे. कापूस वेचणाऱ्या व निंदणी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यावर पतीचा वा मुलाचा टाकून दिलेला सदरा चढवितात. बहुधा तोच सदरा आदल्या दिवशी फवारणीला वापरलेला असतो. तिच्या मापाचा, तिच्या कामाचा स्वतंत्र सदरा घरात असावा, ही मागणी मोठी नाही.

खर्चाची सबब कोणी सांगेल. परंतु मांजरपाटाचे कापड घेऊन गावच्या शिंप्याकडून सैल सदरा शिवून घेणे, हा खर्च एका आजारपणापुढे क्षुल्लक आहे. मजूर लावणाऱ्या बागायतदाराने फवारणीचे कपडे स्वतः पुरवावेत. औषधाचा खर्च तो मजुरावर टाकीत नाही, मग संरक्षणाचा का टाकावा?

उत्तम सदराही सावली, पाणी व विश्रांती यांची जागा घेऊ शकत नाही, हे खरेच. तरीही ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या सभेत बियाणे व खते यांच्याबरोबर सदऱ्याचाही विषय घ्यावा. बियाण्याची पिशवी पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने अंगावरचे कापडही तितकेच पारखून घ्यावे, कारण एक हंगाम बुडाला तर दुसरा येतो. राबणारा माणूस गेला तर त्याची भरपाई कोणत्याही पिकाने होत नाही.