बाटलीतलं पाणी मोजलं, उसातलं कोण मोजणार?



काल रात्री दोनला लाइट आली. खोडव्याचं ठिबक सुरू करून बांधावर बसलो. शेजारच्या रानात मोकाट पाणी चाललेलं, सऱ्या तुडुंब. तिथं बसून जे डोक्यात आलं ते लिहितोय.

कोका-कोला कंपनीनं 2007 साली जाहीर केलं होतं, की आम्ही पेयासाठी जेवढं पाणी वापरतो तेवढं निसर्गाला परत करू. मुदत 2020 ची होती. पुढं कंपनीनं सांगून टाकलं, 2015 मध्येच उद्दिष्ट गाठलं. पाणलोटाची कामं झाली असतील तर चांगलंच आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण हा हिशेब बाटलीत भरलेल्या पाण्याचा. बाटलीत साखरही असते ना? तिच्या उसानं पिलेलं पाणी त्यात धरलेलंच नाही.

आता आपण मोजू. 250 मिलीच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर. आपल्याकडं किलोभर साखरेमागं दीड-दोन हजार लिटर पाणी धरतात. म्हणजे एका बाटलीच्या साखरेला 40 ते 50 लिटर! पाव लिटर मोजलं अन् 40 लिटर सोडून दिलं.

हे लांबचं नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्यांची साखर या बड्या पेय कंपन्या घेतात. देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात जातच नाही. ती जाते मिठाई, बिस्किटं अन् थंड पेयांच्या धंद्यात. आणि शिव्या कुणाला? ऊसवाल्याला. राज्यातली जेमतेम चार टक्के जमीन उसाखाली आणि सिंचनाचं दोनतृतीयांश पाणी ऊस पितो, हे आपण दरवर्षी ऐकतो.

आपलीही चूक आहे, लपवायचं कशाला? पाट सुटला की दारं मोडून मोकळं व्हायचं, तोडणी झाली की पाचट पेटवायचं. पण ज्यानं ठिबक केलं, पाचट सरीत कुजवलं, त्याला जास्त काय मिळतं? एफआरपी ठरते साखर उताऱ्यावर. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पाणी वाचवणारा अन् उधळणारा, दोघांना एकच दर.

मग कंपनीनं काय करावं? पाणी वाचवून पिकवलेल्या उसाला टनाला 200 रुपये जादा द्यावेत, थेट शेतकऱ्याच्या खात्यात. किलो साखरेला साधारण दहा किलो ऊस लागतो. म्हणजे 26 ग्रॅमला पाव किलोच्या थोडा वर. 200 रुपयांचा बोजा बाटलीमागं पडतो पाच पैसे. होय, पाच पैसे! जाहिरातीत याहून किती जातात ते त्यांचं त्यांना माहीत.

शाश्वत शेतीचे चकचकीत अहवाल खूप झाले. अहवालात दोनच ओळी जादा लिहा: साखर कोणत्या कारखान्यातून घेतली आणि तिच्या उसाला पाणी किती लागलं. त्याचे पैसे कोण देणार, ते मग आपोआप ठरेल.

तोवर आपण पाचट पेटवू नका. ते कंपनीसाठी नाही, आपल्याच विहिरीसाठी.