खरखर ही आमची संस्कृती नाही

स्टुडिओचा दरवाजा तासाच्या भाड्यावर उघडतो आणि खिसा रिकामा झाला की बंद होतो. आपला गाणारा आत जातो तो घड्याळाकडे बघतच. पुन्हा एकदा गातो म्हणायला लाजतो. ढोलकीवाल्याला म्हणतो, आवर लवकर. मग जे बाहेर पडतं ते ऐकून कुणीतरी पांढरपेशा मान डोलावतो : "आवाज खरखरतो, पण भावना पोचतात हो!" ही कौतुकाची भीक आम्हाला नको. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे. आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही.

आधी माईकचंच घ्या. कंडेन्सर माईकात एक पातळ पडदा आणि त्याच्यामागे धातूचा पत्रा असतो. आवाजाने पडदा हलतो, दोघांतलं अंतर बदलतं, त्यातून सिग्नल निघतो. पण त्यासाठी विद्युत्‌भार लागतो आणि जुन्या माईकांना तो बाहेरून पुरवावा लागे. म्हणून ते महाग. १९६२ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी तो भार टेफ्लॉनच्या पातळ पडद्यातच कोंडून ठेवला. इलेक्ट्रेट माईक तो हाच.

हा जेम्स वेस्ट कोण? १९३१ साली व्हर्जिनियात जन्मलेला काळा माणूस. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या असणाऱ्या राज्यातला. त्याला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. बापाने त्याला पीएचडी झालेली काळी माणसं नेऊन दाखवली. पोस्टात नोकरी करत होती ती. शिकून काय दिवे लावणार, हा अर्थ. पोरगं बधलं नाही. आज लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळणारी बटणाएवढी कॅप्सूल त्याच्या डोक्यातून निघालीय. हे विसरू नका.

या कॅप्सूलला ९ व्होल्टची बॅटरी पुरते. बॅटरीचा प्लस २.२ ते १० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून कॅप्सूलच्या प्लसला द्यायचा. त्याच टोकावरून १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल बाहेर काढायचा. कपॅसिटरचा प्लस कॅप्सूलकडे. तो बॅटरीचा डीसी अडवतो, आवाजाला वाट देतो. मायनस, कॅप्सूलची बॉडी आणि वरची धातूची नळी हे सगळं ग्राउंडला. वायर शिल्डेडच घ्या. नाहीतर चार्जरची आणि ट्यूबलाइटची घूं घूं थेट गाण्यात शिरेल. सोल्डर करताना आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, कॅप्सूल मरते. ज्या साउंड कार्डाला जोडाल त्याची फँटम पॉवर बंद ठेवा. बस्स. एवढंच.

पण माईकपेक्षा मोठी अडचण खोलीची. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की स्टुडिओ झाला, ही थाप कुणी मारली कोण जाणे! हिशेब करा. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३.४ मीटर लांब असते. म्हणजे आपली दहा-बाय-बाराची अख्खी खोली. तिला तो पातळ पुठ्ठा काय अडवणार? ट्रे फार तर वरचा चुरचुरीत आवाज थोडा खातात, ढोलकीचा घुमारा तसाच घुमत राहतो. लाकडाची चौकट करा, तिच्यात चार इंच जाडीचं रॉकवूल भरा, वर सुती कापड ताणा आणि भिंतीपासून वीतभर पुढे उभी करा. भिंतीला खेटून हवा हलतच नाही, हलते ती पुढे. तिथेच तिला गाठायचं. रॉकवूल हाताळताना तोंडाला फडकं, हातात मोजे. तेवढेही पैसे नसतील तर आयांच्या गोधड्या टांगा. गोधडी खालचा घुमारा खाणार नाही, पण गळ्याचा आवाज नक्की सुधारेल. स्वस्तातला फोम मात्र लावू नका. तो भडकन पेटतो आणि धूर विषारी असतो. रॉकवूल पेटत नाही. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्याने हा फरक पाठ करून ठेवावा.

हे सगळं जमतं का? जमैकात जमलं. किंग टबी हा किंग्स्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. वॉटरहाऊस या गरीब वस्तीत, स्वतःच्या घरात त्याने सत्तरच्या दशकात स्टुडिओ उभा केला. बाथरूममध्ये गायकाला उभं केलं. मिक्सर दुसऱ्या स्टुडिओचं वापरलेलं, तेही चारच ट्रॅकचं. त्यातून त्याने डब नावाचा संगीतप्रकार घडवला, जगभरच्या स्टुडिओंना कान पकडून शिकवला. १९८९ मध्ये कुणीतरी त्याला घराबाहेर गोळी घातली. त्याची खरी इस्टेट एकच : यंत्राचं झाकण उघडायला तो भ्यायला नाही.

तरी जिद्दीच्या नावाखाली सगळंच घरी करू नका. २३० व्होल्टच्या पॉवर सप्लायला नवख्याने हात लावू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत भार राहतो. वेस्टही लहानपणी दुरुस्त केलेला रेडिओ जोडताना विजेला चिकटला होता. नशिबाने वाचला. चळवळीला मेलेला मेकॅनिक उपयोगाचा नाही. साउंड कार्ड वर्गणी काढून सेकंडहँड घ्या, बॅटरीवरचं काम आपल्या हाताने करा.

आणि हे आत्ताच का? हजारो गाणी लिहिणारे वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या जलशात कोरस धरलेली माणसं आता थकलीत. तुमच्याच गल्लीत एखादी म्हातारी बाबासाहेबांची ओवी गात बसली असेल. तिच्यापाशी स्टुडिओचं भाडं नाही आणि थांबायला वेळही नाही. कॅप्सूल, रेझिस्टन्स, कपॅसिटर, बॅटरी. चार वस्तू. येत्या रविवारी जोडा आणि पहिला माईक तिच्यापुढे धरा.