कोपऱ्यावरचा धूर आणि अनर्थदंड



केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खराब आहे त्यांच्या यादीत आपलं सोलापूरही आहे. मुंबई-पुण्याचं समजू शकतं, पण सोलापूर? असं काहीजणींना वाटेल. मात्र संध्याकाळी खिडकीच्या गजांवरून फडकं फिरवलं की काय निघतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

हवेतले धूलिकण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के कमी करायचे, असं आधी ठरलं होतं. पुढे ते उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत ४० टक्के झालं. शहरांना निधीही मिळाला. तो कुठे गेला, याचा देशभराचा हिशोब दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये मांडला. ६४ टक्के खर्च रस्त्यांच्या धुळीवर, म्हणजे रस्ते करणं, खड्डे बुजवणं, पाणी फवारणं, झाडण्याची यंत्रं. पालापाचोळा, लाकूडफाटा जाळणं रोखायला साधारण १४.५ टक्के, आणि उद्योगांवर एक टक्काही नाही.

रस्ते चांगले व्हायलाच हवेत. पण माझ्या मते धुराकडे आधी बघायला हवं होतं. शहराची प्रगती मोजतात ती पीएम १० वरून, म्हणजे मुख्यतः जाड्या धुळीवरून. धुराचे कण त्याहून कितीतरी बारीक, पीएम २.५ मध्ये मोडणारे. ते फुप्फुसात खोल जातात, रक्तातही उतरतात. म्हाताऱ्या सासूबाईंचा खोकला आणि नातवाचा दमा वाढवतो तो हा धूर.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. तरी सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग पेटलेले दिसतात. झाडणाऱ्या बाईला दोष देऊन काय उपयोग? पाचोळा उचलायला गाडी आली नाही तर तिने तो न्यायचा कुठे? सगळ्यात जास्त धूर तिच्याच नाकातोंडात जातो. आणि त्या ढिगात पाचोळ्याबरोबर आपल्याच घरची दुधाची पिशवी आणि कार्यक्रमातल्या प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पत्रावळी असतात.

आता आपल्या धर्माच्या बाजूने बघू. अग्निकायिक आणि वायुकायिक जीवांची आपण प्रतिक्रमणात क्षमा मागतो. श्रावकाला चूल पेटवावीच लागते, म्हणून गृहस्थाला ती सूट आहे. पण विनाकारण होणारी हिंसा टाळण्यासाठी अनर्थदंडव्रत सांगितलं आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यातला प्रमादचर्या म्हणजे गरज नसताना माती खणणं, पाणी सांडणं, आग लावणं, वारा घालणं, झाडं तोडणं. पाचोळा पेटवणं यात अगदी नेमकं बसतं. शिवाय त्या ढिगात मुंग्या, किडे असे त्रसजीवही असतात.

‘खत केलं तरी त्यात जीव होतातच की,’ असं कोणी म्हणेल. होतात. पण पानं झाडाखाली पडून आपोआप कुजतात. आग मात्र माणूस आपल्या हाताने लावतो. दोन्ही एका तराजूत घालता येणार नाहीत.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. मंदिराच्या आणि सोसायटीच्या आवारातली पानं एका कोपऱ्यात साठवू, जाळू देणार नाही. प्लॅस्टिक वेगळं करून घंटागाडीतच देऊ. आणि महिला मंडळाच्या नावाने झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊ. त्यात दोन मागण्या असाव्यात: पाचोळा रोज उचलला जावा आणि झाडणाऱ्या बायकांना चांगले मास्क मिळावेत. हवेसाठी आलेल्या निधीतून या दोन कामांवर किती खर्च झाला, हेही त्याच अर्जात विचारावं. निधी आपल्या करातून आलेला आहे, विचारायला संकोच कशाला?

चातुर्मासात आपण कितीतरी नियम घेतो. या वर्षी त्यात हा एक नियम घ्या आणि तुमच्या मंडळाने अर्ज दिला की मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.