खिडकीत बसलेला तरुण



प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायात युतुख नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. त्रोवस इथं माडीवर मंडळी जमली होती, पुष्कळ दिवे लागले होते आणि पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता. खिडकीत बसलेल्या युतुखाला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला.

या उताऱ्यावर लहानपणापासून मी एकच बोध ऐकला: उपदेश चालू असताना झोपू नये. पुढं तरुणांचं काम करू लागल्यावर मीही तेच सांगत आलो. आता वाटतं, खरा धडा पौलाकडून घ्यायचा होता. त्यानं बोलणं थांबवलं, तो खाली गेला आणि त्यानं त्या मुलाला कवेत घेतलं. झोपल्याबद्दल तो रागावल्याचं कुठंही लिहिलेलं नाही.

आमच्या उज्जैनच्या मंडळीतही अशी खिडकी आहे, ती म्हणजे शेवटचा बाक. या मुलांची आजीशी बोलायची भाषा मराठी, उपासनेची हिंदी आणि अभ्यासाची इंग्रजी. दहावी झाली की कुणी कोट्याला जातं, कुणी पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरला क्लाससाठी खोली घेऊन राहतं. सुट्टीत ती घरी आली, की चर्चच्या दारातच आपला पहिला प्रश्न असतो, "किती टक्के पडले?"

एकदा तरुणांच्या सभेसाठी मी मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण तयार केलं होतं. सुरुवातीला कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न घालता मनातलं लिहायला सांगितलं. एका चिठ्ठीत होतं, "सगळं ठीक आहे, असं सांगून सांगून थकलोय." दुसरीत होतं, "घरी सांगितलं तर म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो." भाषण माझ्या खिशातच राहिलं.

या चिठ्ठ्या हलक्यानं घेऊ नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवलं. या दुःखाच्या यादीत आपलं मध्य प्रदेश पहिल्या तीन राज्यांत होतं.

कुणी वडीलधारे म्हणतील, "आमच्या वेळी असले लाड नव्हते." खरं आहे. पण दुःख तेव्हाही होतं, फक्त बोलायची सोय नव्हती. आणि विश्वास कमी पडतो म्हणावं, तर एलीयासारख्या संदेष्ट्यानंही झुडपाखाली बसून मरण मागितलं होतं. देवानं त्याला दोष दिला नाही. आधी झोपू दिलं, खायला भाकर आणि प्यायला पाणी पाठवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: तरुणांसाठी आणखी एक कार्यक्रम ठरवण्याआधी आपण खाली उतरू या. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर तासभर त्यांनी बोलावं आणि आपण ऐकावं. चर्चच्या आवारात गुणांची चौकशी बंद करू या. विश्वासानं सांगितलेली गोष्ट प्रार्थनेची विनंती म्हणूनही चारचौघांत जाऊ नये. जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प राहायचं नाही. त्या मुलाला सांगून, त्याच्यासोबत राहून लगेच मदत मिळवायची. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते. तो क्रमांक सूचनाफलकावर लावू या. तापात आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या दुखण्यात वेगळा न्याय कशाला?

२०२८ च्या सिंहस्थासाठी आपलं शहर रस्ते आणि घाट तयार करत आहे. येणाऱ्या पाहुण्यासाठी शहर एवढं करतं, तर घरच्या लेकरांसाठी आपण एक तास काढू शकत नाही का?

त्या रात्री युतुख जिवंत सापडला. मंडळीनं एकत्र भाकर मोडली, पौल पहाटेपर्यंत बोलला आणि सगळ्यांना मोठं समाधान मिळालं. उपदेश राहून गेला नाही. फक्त आधी मूल उचललं गेलं.

हे प्रभू, खिडकीत बसलेलं लेकरू पडण्याआधीच आम्हाला दिसू दे. आमेन.