बीजाची घडी आणि आपली जबाबदारी

चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितलेले बीज, बीजभाग व बीजभागावयव म्हणजेच आजची गुणसूत्रे व जनुके, असे आपल्या परिसंवादांतून वारंवार सांगितले जाते. पुढे औषधांच्या माहितीपत्रकावर ‘डीएनए दुरुस्त करणारे’ असे छापण्यापर्यंत मजल जाते. बीजाचा जो भाग दूषित, त्यापासून घडणारा अवयव विकृत, हे आचार्यांचे अनुमान निःसंशय थोर आहे. परंतु त्यावर आजच्या संज्ञांची चिठ्ठी चिकटवल्याने त्याचे मोल वाढत नाही, असे आमचे मत आहे.

मूळ विषय समजून घेऊ. मानवी पेशीचे केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून सहसा लहान असते. त्यात एकूण सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए ४६ गुणसूत्रांच्या रूपाने सामावलेला असतो. ही किमया मुख्यतः हिस्टोन नामक प्रथिनांची. चार प्रकारची प्रत्येकी दोन, अशा आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेसजोड्या जवळपास पावणेदोन वेढ्यांत गुंडाळल्या जातात. डीएनए ऋणभारित व हिस्टोन धनभारित असल्याने ही पकड टिकते. अशा एककांची, म्हणजेच न्यूक्लिओसोमची, कल्पना रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. तिची सूक्ष्म रचना १९९७ मध्ये स्फटिकाच्या अभ्यासातून स्पष्ट झाली.

घडी घालण्याचा हेतू केवळ जागा वाचविणे एवढाच नाही. यकृताच्या व मेंदूच्या पेशींतील डीएनए जवळजवळ एकच; कार्यरत जनुके मात्र वेगळी. हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल गट चढले की घडी सैल होते आणि तेथील जनुक वाचले जाणे सुलभ होते. ते उतरले की घडी आवळते. आहार, विहार व औषध यांचा विचार करणाऱ्या वैद्याला येथे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले की, हरिद्रेतील कर्क्युमिन हे अ‍ॅसिटिल गट चढविणाऱ्या एका विकराला रोखते. ही घटना प्रयोगशाळेतील आहे. तोंडाने घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच अल्प प्रमाणात पोहोचते, हेही तितकेच खरे. या दोहोंमधील अंतर रुग्णांवरील काटेकोर अभ्यासानेच कापता येईल, माहितीपत्रकाने नव्हे.

म्हणून औषधालयांच्या चालकांना आमची विनंती आहे. असा दावा करणारे उत्पादन मांडणीत ठेवण्यापूर्वी निर्मात्यास विचारावे : परिणाम कोणत्या जनुकावर, किती मात्रेत, आणि तो रुग्णांत पाहिला की केवळ परीक्षानळीत? उत्तर न मिळाल्यास माल परत करावा. वैद्यांनीही ‘जनुकीय दोष निघून जाईल’ असे आश्वासन रुग्णास देऊ नये. थॅलेसीमियाच्या बालकाचे आईवडील अशा एका वाक्यावर विसंबून रक्तसंक्रमण लांबणीवर टाकू शकतात, आणि त्याची किंमत ते बालक मोजते. प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनी पारखून घेण्याची शिकवण आपल्याच संहितेची आहे. ती आपल्या मांडणीतील बाटल्यांनाही लागू असावी.